शेऱ्याचा रकाना

बचत गटाच्या नोंदवहीत सगळ्यात शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. आधी अनुक्रमांक, मग सभासदाचं नाव, मागची शिल्लक, चालू बचत, कर्ज, परतफेड, व्याज, दंड, सही किंवा अंगठा, आणि उरलेल्या दोन बोटं जागेत शेरा. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या गावांमधून या वह्या तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. बेरजा चुकलेल्या असत, व्याज शेकडा दोनऐवजी भलतंच लावलेलं असे, एकीचा हप्ता दुसरीच्या नावावर पडलेला असे. शेऱ्याच्या रकान्यात मात्र कधी चूक सापडली नाही, कारण त्यात कोणी काही लिहीतच नसे. दर्यापूरकडच्या एका गावात तो भरलेला दिसला आणि तिथून पुढे मी वह्या जरा वेगळ्या तऱ्हेने वाचू लागले.

माझा भाग पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांचा. बाळापूर, अकोट, तेल्हारा हे अकोल्यातले तालुके, दर्यापूर आणि अंजनगाव सुर्जी अमरावतीतले. यातला बराचसा मुलूख खारपाणपट्ट्याचा. विहीर खोदली तर खारं पाणी लागतं आणि ते पिकाला दिलं तर जमीन बिघडते. म्हणून शेत पावसावर, आणि शेतात मजुरीला जाणारी बाईही पावसावर. जूनमध्ये पेरणी, मग निंदण, दसऱ्या-दिवाळीपासून कापसाची वेचणी, तिच्यामागून तूर आणि हरभरा. होळी झाली की हाताला काम नाही. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणजे तीन-चार महिने पैसा दिसतो आणि उरलेले महिने किराणावाल्याची उधारी. ‘मनावर घेतलं की सगळं जमतं’ असं शहरातले व्याख्याते सांगतात. या गावांतल्या बायकांनी मनावर घेतलेलं पुष्कळ असतं. ते मनातल्या मनात राहतं, कारण ते घेतलं आहे हे दुसऱ्या कोणाला ठाऊकच नसतं.

गटाचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते. दहा ते वीस बायका, ठरलेली बचत, ठरलेला वार. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे ही पंचसूत्री. नाबार्डने 1992 मध्ये 500 गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, 1975 पासूनचं, ‘उमेद’ अभियान 2011 चं. माझ्या नोकरीत योजनांची नावं बदलली, साहेब बदलले, फॉर्मचे रंग बदलले, पंचसूत्री तेवढी तीच राहिली. बँकेपुढे ठेवायला या बायकांकडे काही नसतं. सातबारा सासऱ्याच्या नाही तर नवऱ्याच्या नावावर, दागिना असला तर तो आधीच गहाण. मग बँक कर्ज देते ती कशाच्या भरवशावर? ही बाई दर बैठकीला चौदा-पंधरा जणींच्या समोर बसून आपला हिशेब सांगते, या भरवशावर. मला हे फार उशिरापर्यंत निव्वळ बँकेच्या सोयीचं वाटत होतं. त्यात बायकांची स्वतःची काही सोय असेल, हे दर्यापूरकडच्या त्या वहीने दाखवलं.

झालं होतं असं. तिथल्या एका सभासदाने शिलाई मशीनसाठी गटातून कर्ज घेतलं होतं. पैसे हातात आले त्याच आठवड्यात सासऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि मशीन राहून गेलं. हप्ते ती वेळेवर फेडत होती, त्यामुळे वहीच्या दृष्टीने सगळं ठीक होतं. सचिव ही गावातली बारावी झालेली सून. तिने परतफेडीची नोंद केली आणि शेऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, ‘मशीन?’

त्या गटात अर्ध्याअधिक बायकांना वाचता येत नसे. म्हणून प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला मागचं पान मोठ्याने वाचायची रीत होती, नावापासून शेऱ्यापर्यंत. पुढच्या बैठकीत वाचता वाचता ‘मशीन?’ आलं आणि बायका हसल्या. जिचं मशीन राहिलं होतं तीही हसली. म्हणाली, “खोडू नको वं ते. दर खेपेले वाच. नाई तं मी बी विसरीन अन् तुमी बी विसरसान.”

हे तिने स्वतः मागून घेतलं होतं. पुढे मी ज्या ज्या गावांत ही रीत नेऊ पाहिली आणि जिथे ती फसली, तिथे नेमकी हीच गोष्ट राहून गेलेली असे. तिला कोणी जाब विचारला नव्हता. मला विचारत जा, असं तिनेच सांगितलं होतं.

मग दुसरी म्हणाली, “माह्यं बी लिव.” हळूहळू रकाना भरत गेला. वहीत पैशाशी संबंध नसलेल्या गोष्टी येऊ लागल्या. ‘सही शिकणे.’ ‘रक्त तपासणे.’ ‘गुडाखू बंद.’ ‘स्कूटी.’ ‘माहेरच्या जमिनीचा कागद पाहणे.’ एकीने ‘भावाशी बोलणे’ असं लिहून घेतलं होतं आणि ते काय प्रकरण होतं हे मला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही.

अध्यक्षबाई वयाने मोठ्या होत्या, स्वभावाने जरा कडक. त्यांनी एक पथ्य घालून दिलं, की पुढच्या बैठकीपर्यंत होईल तेवढंच लिहायचं. एकीने ‘पोरीले नर्स करीन’ म्हटल्यावर त्यांनी ते लिहू दिलं नाही. “ते चार वर्साचं हाय. पुढच्या बैठकीत तुले काय इचारू? झाली का नर्स म्हनून?” शेवटी ‘अमरावतीहून प्रवेशाचा फॉर्म आणणे’ असं लिहिलं गेलं. दुसरं पथ्य बायकांनीच एका वैतागाच्या बैठकीनंतर ठरवलं. विचारायचं, पण उपदेश करायचा नाही. झालं का? नाही झालं तर काऊन नाई झालं? बस, पुढची. एका सभासदाला प्रत्येकीच्या अडचणीवर पाच मिनिटं बोलायची सवय होती आणि तेवढ्यात कोणाची भाजी करपत असे, कोणाच्या घरी नळाला पाणी येऊन जात असे.

त्या ‘काऊन’चं, म्हणजे ‘का’चं, महत्त्व मला बैठकांमध्ये बसून कळलं. एक बाई तीन बैठका सांगत राहिली की तपासणीला दर्यापूरला जाणं झालं नाही. तीन वेळा ‘काऊन’ विचारल्यावर खरं बाहेर पडलं, की एसटी सकाळी जाते ती थेट संध्याकाळी परत येते आणि तोवर बकऱ्या कोण पाहणार. तिच्या शेजारी बसलेली म्हणाली, “आन माह्याकडे बांधून.” झालं. प्रश्न धाकाचा असता तर तिने काहीतरी बहाणा सांगून वेळ मारून नेली असती. शिस्त, जिद्द, निश्चय असले शब्द आम्ही प्रशिक्षणात फार वापरायचो. प्रत्यक्षात बकऱ्यांचा बंदोबस्त झाला आणि बाई दवाखान्यात गेली.

आता दहावीची गोष्ट. ही बाई पस्तिशीच्या पुढची, दोन लेकरांची आई, सातवीत शाळा सुटलेली. अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागता आलं नाही, ते तिच्या मनाला लागलं होतं. शेऱ्यात आधी आलं ‘17 नंबरचा फॉर्म’, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा. तो भरला गेला. मग आलं ‘गणित, रोज दोन’. रोज विचारायला कोणी तरी हवं, म्हणून ते काम शेजारणीकडे आलं आणि शेजारण निरक्षर. मी सचिवाला बाजूला घेऊन म्हटलं, अगं, जिला गणित येतं अशी कोणी तरी दे. शेजारणीने ते ऐकलं. म्हणाली, “मले गनित काय समजते ताई? पन दोन झाले का नाई ते तं मोजता येते. दोन उदाहरनाच्या मंधात ते रेघ मारते. मी रेघा मोजतो.” आणि खरोखर ती रोज संध्याकाळी कुंपणावरून वही मागून घेऊन रेघा मोजायची. वेचणीच्या दिवसांत दोघी एकाच शेतात जायच्या. दुपारी भाकरी सोडली की आधी वही पाहिली जायची.

मला यातून जे समजलं ते आजही पुष्कळांना पटत नाही. आपल्याला विचारणारं माणूस आपल्याहून हुशार असायची गरज नसते. उलट हुशार माणसासमोर आपण चुकलेलं उदाहरण झाकतो. रेघा मोजणारीपुढे झाकायला काहीच नव्हतं.

मार्चच्या परीक्षेचा निकाल लागला. बाकी विषय सुटले, गणित राहिलं. पुढच्या बैठकीला ती आलीच नाही. हा या सगळ्या प्रकारातला नाजूक सांधा आहे आणि मी तो बऱ्याच गावांत तुटताना पाहिला आहे. चारचौघांत बोलून ठेवलेलं फसलं की माणूस आधी त्या चारचौघांना टाळतं, मग ते काम सोडतं. म्हणजे न बोलता केलं असतं तर निदान गुपचूप पुन्हा तरी करून पाहिलं असतं. त्या गावात मात्र अध्यक्षबाई वही बगलेत मारून उठल्या आणि म्हणाल्या, आज बैठक तिच्या घरी. सगळ्या जणी उठून तिच्या ओसरीत जाऊन बसल्या. चटई तिनेच आणून टाकली. पान वाचलं गेलं, तिच्या नावाशी आल्यावर ‘गणित राहिलं’ असंच वाचलं गेलं, कोणी हळहळ केली नाही. शेजारणीने विचारलं, “मंग पुढचा पेपर कधी हाय?” पुरवणी परीक्षेत ती सुटली. काठावर, पण सुटली.

बैठक तिच्या घरी नेण्याची युक्ती त्या बायकांना सुचली ती दंडाच्या भानगडीतून. सगळ्या गटांप्रमाणे त्यांच्याकडेही उशिरा येणारीला पाच रुपये दंड होता. वेचणीच्या हंगामात काय व्हायचं, की बाई अर्धा तास जास्त वेचायची आणि मग येऊन पाच रुपये चटईवर ठेवायची. चेहऱ्यावर संकोच नाही. पाच रुपयांपेक्षा अर्ध्या तासाचा कापूस जास्त भरतो, हिशेब सरळ होता. पुढे एका प्रशिक्षणात मला कळलं की इस्राएलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांवर असाच अभ्यास झाला होता आणि तो 2000 साली प्रसिद्ध झाला. मुलाला न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले, जवळपास दुपटीला गेले. दंड काढून टाकल्यावरही ते कमी झाले नाहीत. पूर्वी उशीर करताना लाज वाटे, आता उशीर विकत मिळत होता. आमच्या बायकांनी हैफाचं नावही ऐकलं नव्हतं. त्यांनी दंड काढला आणि ठरवलं, की जी उशिरा येईल, पुढची बैठक तिच्या घरी. स्वतःच्या घरच्या बैठकीला उशिरा येता येत नाही, शिवाय चहा करावा लागतो.

पुरुषांचा एक प्रयोगही सांगण्यासारखा आहे, अकोटकडचा. बायकांचं पाहून पारावरच्या काही जणांनी खर्रा सोडायचं ठरवलं. वऱ्हाडात खर्रा म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगावं लागतं. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेली पुडी, ती दिवसभर गालात असते. रोज संध्याकाळी पारावर जमायचं आणि एकमेकांना विचारायचं, असा बेत होता. तो फार दिवस टिकला नाही. कारण विचारणाऱ्याचाच गाल फुगलेला असे आणि प्रश्न नीट ऐकू येत नसे. एक जण मात्र सुटला. त्याच्या पोरीने त्याला आपल्या शाळेच्या वहीत रोज पुड्या मोजून लिहायला लावल्या होत्या. पाराने त्याला सोडवलं असं म्हणता येत नाही.

चारचौघांत उभं करून विचारणं या भागाला नवीन नाही. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी 1876 मध्ये जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात असेच प्रश्न विचारत. त्यांचं कीर्तन एकतर्फी नसेच. समोरच्यांना विचारायचं, त्यांच्याकडून उत्तर वदवून घ्यायचं. दारू सोडायची, कर्ज काढून सण-लग्नं करायची नाहीत, नवसाला कोंबडं-बकरं कापायचं नाही, हे लोकांच्या तोंडून आलं पाहिजे हा त्यांचा आग्रह. तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज उभारलं आणि गावोगाव सामुदायिक प्रार्थना सुरू केली. आजही कित्येक गावांत संध्याकाळी ठरल्या वेळी लोक ओळीने बसतात, आणि कोण आलं नाही हे सगळ्यांना दिसतं. अध्यक्षबाई त्या प्रार्थनेला जाणाऱ्या. बैठक सुरू व्हायची वेळ त्यांनी घड्याळावर ठेवली ती तिकडच्या सवयीने, असं त्या म्हणायच्या.

याच्या उलट बाजूबद्दल गप्प बसणं बरं नव्हे. गावात दुसऱ्याही बैठका भरत. खाजगी मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या. तिथेही बायकांचं वर्तुळ, तिथेही आठवड्याचा वार, तिथेही सगळ्यांसमोर पैसे मोजणं. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नसे. माझ्या ओळखीच्या एका गावात अशा बैठकीत एकीचा हप्ता आला नाही, तर बाकीच्यांना उठू देत नसत. रात्र व्हायची, घरी लेकरं उपाशी. मग त्या बायकाच तिच्या दारात जाऊन ओरडायच्या, कारण सुटका त्यातच होती. एकमेकींच्या बकऱ्या बांधून घेणाऱ्या याच बायका. आंध्र प्रदेशात 2010 मध्ये अशा वसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबरात तिथल्या सरकारला वटहुकूम काढावा लागला. नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीनंतर विदर्भातही हप्ते थकले, कर्जमाफीसाठी बायकांचे मोर्चे निघाले. ज्या बांगलादेशच्या ग्रामीण बँकेकडे या पद्धतीचा उगम दाखवतात, तिनेही पुढे सामूहिक हमीची अट सोडून दिली.

म्हणून ‘समूहाचा दबाव ही मोठी शक्ती आहे’ असं कोणी व्यासपीठावरून म्हटलं की मी विचारते, दबाव कोणाचा आणि कशासाठी? ‘मशीन?’ हा प्रश्न जिचं मशीन होतं तिने मागितला होता, आणि विचारणारीलाही त्याच पानावर, चार ओळी खाली, स्वतःचं उत्तर द्यायचं होतं. कंपनीच्या बैठकीत विचारणारा मोटरसायकलवरून यायचा आणि त्याचं नाव कुठल्याच पानावर नसे.

सरकारी बाजूनेही या रकान्याचं एकदा भलं करायचं ठरवलं. मी वरिष्ठांना हौसेने सगळं सांगितलं होतं. त्यांना ते आवडलं. काही महिन्यांनी छापील नमुना आला, ‘सभासदाचे वैयक्तिक ध्येय’ असा स्वतंत्र रकाना असलेला, शिवाय ‘साध्य / असाध्य’ अशा दोन चौकटी. गावोगावचे नमुने भरून आले तेव्हा मी ते लावून पाहत होते. जवळपास सगळ्या बायकांचं ध्येय एकच होतं, शिलाई मशीन. आणि सगळ्यांचं साध्य. दर्यापूरकडच्या त्या गटानेही छापील रकान्यात शिलाई मशीन लिहून पाठवलं होतं. मी सचिवाला फोन केला, तर ती म्हणाली, “ते हापिसासाठी हाय ताई. आमचं आमच्या वहीत हाय.”

त्याच सुमारास एका कार्यशाळेत चिली देशातल्या एका प्रयोगाची माहिती ऐकली. तिथल्या छोटे धंदे करणाऱ्या लोकांना बचत खाती दिली. काहींना गटात आपलं उद्दिष्ट जाहीर करायला आणि दर वेळी किती जमलं ते सांगायला लावलं. काहींना नुसतं जास्त व्याज दिलं. व्याजाने बहुतेकांवर काही परिणाम झाला नाही. गटात सांगणाऱ्यांनी साडेतीन पट जास्त वेळा पैसे भरले आणि त्यांची शिल्लक सरासरीने जवळजवळ दुप्पट झाली. इथवर ऐकून मी मान डोलावत होते. पुढचा भाग मात्र मला खटकला. दुसऱ्या प्रयोगात त्यांनी बैठका वगळून फक्त मोबाइलवर संदेश पाठवले, तुम्ही ठरवलेलं केलं की नाही, बाकीच्यांचं काय चाललंय. तरी परिणाम साधारण तेवढाच दिसला.

म्हणजे ओसरी, चटई, चहा, शेजारणीच्या बकऱ्या हे सगळं बिनकामाचं? मला ते पटेना. तरीही आम्ही व्हॉट्सॲपवर करून पाहिलं. पहिले काही आठवडे चाललं. मग प्रत्येक प्रश्नाला अंगठा येऊ लागला. झालं का, अंगठा. काऊन नाई झालं, त्यालाही अंगठा. ग्रुपमध्ये सुप्रभातची फुलं आणि कापसाचे भाव यांच्या गर्दीत प्रश्न वाहून जायचा. पण दोघींच्या बाबतीत चिलीवाले बरोबर निघाले. सुनेच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेली एक आणि मजुरीला बाहेर गेलेली एक, या दोघींना सचिव नाव घेऊन वेगळा संदेश पाठवायची, आणि त्या दोघी न चुकता उत्तर द्यायच्या. संदेश आपल्या एकटीसाठी आला आहे आणि पाठवणारी आपल्याला ओळखते, एवढं असलं की फोनही चालतो. सगळ्यांना मिळून विचारलेला प्रश्न कोणाचाच नसतो. बाकी त्या अभ्यासात बकऱ्या मोजल्या होत्या का, हे मी कार्यशाळेत विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं अजून वाटतं.

जूनमध्ये हे सगळं थंड पडायचं. पेरणीच्या दिवसांत बाई पहाटे चारला उठते, बियाणं-खतासाठी घरातला पैसा निघून जातो, त्यातच शाळा सुरू होतात. त्या बैठकांना शेऱ्यातलं प्रत्येक उत्तर ‘नाई झालं’ असायचं आणि चार-पाच वेळा सलग तेच ऐकलं की उरलेल्या वर्षाचाही जोर जायचा. मग बायकांनी मृगापासून पोळ्यापर्यंत शेरा बंद ठेवायचं ठरवलं. बचत चालू, बैठक चालू, शेरा वाचायचा नाही. आमच्या पंचसूत्रीत ‘नियमित’ हा शब्द पाच वेळा येतो आणि अशी सुट्टी त्यात बसत नाही. मी मुकाट्याने सही केली. पोळा झाल्यावर पहिल्या बैठकीत सचिव जुनं पान काढायची आणि सगळ्या जणी आपापलं पुन्हा सांगायच्या. काही जणींचं तेवढ्यात बदललेलं असे. त्यालाही परवानगी होती, फक्त का बदललं ते सांगावं लागे.

अशाच एका पोळ्यानंतरच्या बैठकीत माझ्यावर पाळी आली. पान वाचून झालं आणि शेजारण, तीच रेघा मोजणारी, म्हणाली, “ताई, तुमचं नाव काऊन नाई वहीत?” मी म्हटलं, मी सभासद नाही, तपासणीस आहे. “मंग काय झालं? आमचं सारं तुमाले माईत. तुमचं आमाले काईच नाई.” बोलणं बिनतोड होतं. माझं बी. ए. दुसऱ्या वर्षाला सुटलं होतं, लग्नानंतर. मुक्त विद्यापीठाची माहितीपत्रकं मी आणून ठेवली होती, ती कपाटात पडून होती. सचिवाने पेन्सिलीने माझं नाव लिहिलं, शेऱ्यात ‘फॉर्म’.

दर महिन्याला मी कार्यालयाला अहवाल देत असे. अहवालात सगळं नीट दाखवायच्या शंभर तऱ्हा असतात. ‘प्रक्रिया सुरू आहे’, ‘पाठपुरावा चालू’ असं लिहिलं की महिना निघतो. त्या ओसरीत मी पहिल्याच वेळी ‘प्रक्रिया सुरू आहे’ म्हणाले, तर शेजारणीने विचारलं, “म्हंजे भरला का नाई भरला?” नव्हता भरला. पुढच्या खेपेपर्यंत भरला. अकोला-दर्यापूर गाडीत मी राज्यशास्त्राची पुस्तकं वाचली. परीक्षा जवळ आली की त्या बायका मला वह्या लवकर तपासून देत आणि पिटाळत. पदवी मिळाली तेव्हा माझ्या कार्यालयात कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्या गटाने मात्र पेढे वाटले, माझ्याच पैशांचे.

आता मी निवृत्त आहे, अकोल्यातच राहते. गटाचं काय चाललंय ते फोनवरून कळतं. सचिव बदलली, अध्यक्षबाई थकल्या आहेत, पण बैठकीला येतात. दहावी झालेली ती बाई बारावीला बसते आहे आणि तिला इंग्रजी जड जातं. रेघा मोजणारी लेकाकडे नाशिकला गेली, म्हणून बारावीवालीने विचारायचं काम माझ्याकडे दिलं आहे. दर मंगळवारी संध्याकाळी मी फोन करते आणि आठवड्यात किती पानं झाली ते विचारते. अर्थात हे एकतर्फी नाही. मला साखर निघाली आहे, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आहे, आणि हे मी एकदा बोलून गेले. तेव्हापासून पानांचं झालं की ती चालण्याचं विचारते. परवाच्या मंगळवारी मी सांगितलं, अगं, आठ दिवस झड लागली आहे, बाहेर पाय टाकता येत नाही, कशी चालू?

ती म्हणाली, “घरात किती खोल्या हायेत ताई?”